संथ चळवळीची पहिली कार्यकर्ती

३ फेब्रुवारी, सोमवार

"घाईने गांजलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, ज्यांचा चहा रोज उभ्यानेच पोटात जातो, ज्यांच्या मुलांची उंची भिंतीवर नोंदवायची राहून गेली आणि मुलं तोवर घर सोडून गेली, त्या आपणा सर्वांचं गाऱ्हाणं एकच आहे. आपले डोळे आपल्याजवळ राहिलेले नाहीत. घड्याळाने ते पळवले आहेत."

परवाच्या सभेची ही सुरुवात. चांगली जमली आहे. "पळवले आहेत" नंतर तीन सेकंद थांबायचं.

आजपासून दैनंदिनी. जो माणूस बत्तीस वर्षं बस डेपोत बसून शहराची वेळापत्रकं आखत होता, त्याने निवृत्तीनंतर संथ चळवळ काढावी याला काही लोक हसतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: मिनिट म्हणजे काय ते मला विचारा, मी त्याचा तुरुंगाधिकारी होतो. संपाच्या दिवसांत कामगार मला "तोफ" म्हणत. तोफ अजून गंजलेली नाही.

चळवळीचा नियम साधा आहे. रोज दहा मिनिटं थांबायचं, आजूबाजूला पाहायचं आणि एक सुंदर गोष्ट वहीत नोंदवायची. माझी वेळ सकाळी सहा दहा ते सहा वीस. १५ मार्चला नगर सभागृहात मोठी सभा आहे. तोवर चाळीस नोंदी हव्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

इथे खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. सलग दोन दिवस सहा दहाला खाली उतरलो. काल टपालपेटीपर्यंत गेलो, आज बसथांब्यापर्यंत. सुंदर असं काही दिसलं नाही. रस्ता होता. पहिली बस चार मिनिटं उशिरा आली, तेवढं मात्र लगेच दिसलं.

परत येऊन बायकोला विचारलं, "तुला कधी काही सुंदर दिसतं का गं?"

तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, "थांब्यावरच्या लोखंडी बाकावर पहाटे दव असतं. पण रोज पहिल्या बसचा एक माणूस तिथे बसून जातो ना, तेवढीच जागा कोरडी असते. तो दिसत नाही, पण येऊन गेलेला कळतो."

मी सुरी काढून घेऊन तिला पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

संध्याकाळच्या सभेत वापरलं. "आज पहाटे मी पाहिलं" असं म्हणालो. भाषणात एवढं चालतं. मागून एक बसचालक उठून म्हणाला, "साहेब, तिथे बाक कुठे आहे?" मी म्हणालो, "पाहणाऱ्याला दिसतो, मित्रा." टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बिचारा खाली बसला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता रिवाजच पडला आहे. रात्रीच्या जेवणाआधी ती एक गोष्ट सांगते, मी नोंदवून घेतो. माझी सहा दहाची वेळ मी पत्रव्यवहाराला दिली आहे. चळवळ म्हटली की पत्रव्यवहार आला.

आज ती म्हणाली, "अहो, गुरुवारी मोकळे आहात का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. ते थेंब घालतात, मग चार-पाच तास काही दिसत नाही. सोबत कुणीतरी लागतं. एकट्याला तपासतच नाहीत."

गुरुवारी परिचारिकांच्या वसतिगृहात माझं व्याख्यान आहे, विषय "थांबा आणि पाहा". पुढची तारीख घे, तेव्हा नक्की, असं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. तिच्या या "बरं"मध्ये केवढी स्वस्थता आहे. आमच्या कार्यकारिणीत ती एकालाही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजची नोंद तिच्याच शब्दांत: "खालच्या शिंपीणबाईंच्या दुकानातून एक हिरवी चिंधी बाहेर पडली. कुणाच्या तरी बुटाला चिकटून कोपऱ्यापर्यंत गेली, दुसऱ्याच्या बुटाला चिकटून परत आली. संध्याकाळी दुकानाच्याच दारात होती."

वा. परिचारिकांना हे आवडेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आवडलं. पण व्यासपीठावर खुर्चीत बसलो आणि आमचे चिटणीस कानाशी लागले. ते निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. "भाऊसाहेब, आपला एक मोजा काळा आहे आणि एक निळा."

कपडे बायको काढून ठेवते. मी बघत नाही, कधी बघावं लागलं नाही. पण तोफेला ऐन वेळी दारूगोळा सापडतोच. मी दोन्ही पाय पुढे केले आणि म्हणालो, "हे माझं एकसारखेपणाविरुद्धचं बंड आहे." परिचारिका हसल्या. दोघीतिघींनी लिहूनही घेतलं.

घरी सांगितलं तर बायको हसली नाही. "दोन्ही काळेच वाटले मला," म्हणाली आणि मोजे हातात घेऊन बराच वेळ बसली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मला एक शोध लागला, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात लागला. चळवळ घरात पोचली आहे.

मी कधी उपदेश केला नाही, तरी बायको बदलली आहे. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवून प्रत्येक पायरी पावलाने चाचपते. घरात भिंतीच्या कडेने, बोटं भिंतीला लावून चालते, जणू भिंतीशी बोलते आहे. चहा ओतताना कपाच्या काठाच्या आत बोट धरते आणि चहा बोटाला लागला की थांबते. मी विचारलं, "भाजत नाही का?"

"भाजतं," ती म्हणाली. "पण कळतं."

केवढं वाक्य आहे हे. आमच्यापैकी कितीजणांना आपला कप भरल्याचं कळतं? १५ मार्चच्या भाषणात हे मध्यावर घ्यायचं.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हल्ली तिच्या गोष्टींत आवाजच फार. आजची गोष्ट: "शिंपीणबाईंची कात्री कापड संपत आलं की आवाज बदलते." कालची: "दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खुशीत असले की किल्ल्या वाजवत येतात." परवा तर इस्त्रीचा वास होता. श्रोत्यांना चित्र लागतं. मी म्हणालो, "जरा रंगाचं काहीतरी दे."

"रंगाचं उद्या बघू," म्हणाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांची दुसरी तारीख आज होती. ती मी विसरलो नव्हतो, हे इथे मुद्दाम लिहितो. पण मास्तरांनी आजच कार्यकारिणी बोलावली. सकाळी बायकोला म्हणालो, "पंधरा तारीख होऊन जाऊ दे. डोळे काय कुठे पळून जातायत का?"

ती हसली. "पळतच आहेत हो. हळू पळतायत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत."

मी तिथल्या तिथे टिपून घेतलं. बाईला शब्दाची देणगी आहे, पण तिला त्याची जाणीव नाही. कार्यकारिणीत हे वाक्य वाचून दाखवलं तर मास्तर म्हणाले, हे आपल्या पत्रकावर घालू.

दुपारी घरी आलो तर ती नव्हती. चारनंतर आली. चेहरा उतरला होता. "कुठे गेली होतीस?" तर म्हणाली, "जरा बसने फिरून आले." मला आनंद झाला. निरुद्देश फिरणं ही आमच्या चळवळीची वरची पायरी आहे.

४ मार्च, मंगळवार

आज माझा आवडता कप फुटला. बायकोने टेबलावर ठेवला, पण टेबल तिथे नव्हतं, वीतभर अलीकडे संपलं होतं. तिच्या दंडावर दाराच्या चौकटीचा निळा डाग आहे. संथपणातही सराव लागतो, मी सांगितलं.

जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. बाई तोंडाच्या फटकळ, पण हाताला तोड नाही. म्हणाल्या, "दादा, ताईंकडे जरा बघा."

"बघतोच आहे की," मी म्हणालो. "रोज लिहितो आहे तिच्यावर."

त्यांनी दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत दातांत धरल्या.

९ मार्च, रविवार

ठरलं. सभेत माझ्या भाषणाच्या मध्यावर बायकोला व्यासपीठावर बोलवायचं. चळवळीचा जिवंत पुरावा.

ती नको म्हणाली. "मला कुठे बोलता येतं?"

"बोलायचं काही नाही. नुसती चालत ये. मग दोन वाक्यं. हळू का चालतेस ते सांग."

"खरं सांगू का?"

"खरंच सांग. आपल्याकडे तेवढंच चालतं."

थोड्या वेळाने म्हणाली, "येते. पण अठरा तारखेला, मंगळवारी, तुम्ही माझ्याबरोबर यायचं. लिहून द्या."

लिहून दिलं. सही केली. संपाच्या वाटाघाटींतसुद्धा व्यवस्थापनाने माझ्याकडून इतक्या थोडक्यात लेखी घेतलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

सभागृह भरून लोक दोन्ही बाजूंना उभे होते. मी पन्नास मिनिटं बोललो. मोजून पाच वेळा टाळ्या झाल्या. पण सभा जिंकली ती बायकोने.

मी नाव पुकारलं आणि ती पहिल्या रांगेतून उठली. शिंपीणबाई हात द्यायला उठल्या, मी खुणेने त्यांना बसवलं. ती पायऱ्यांपाशी थांबली. पावलाने पहिली पायरी शोधली. मग दुसरी. एवढ्या सभागृहात कुणी खोकलंही नाही. मी ध्वनिक्षेपकावरून हळूच म्हणालो, "पाहा. चालणं असं असतं."

ती माझ्याजवळ आली. ध्वनिक्षेपक तिच्या हाताला सापडेना, मी धरला. ती म्हणाली, "मी हळू चालते, कारण मला बाजूचं काही दिसत नाही. समोरचं थोडं दिसतं, तेही धूर झाल्यासारखं. तुम्ही इथे किती लोक आहात ते मला माहीत नाही. आवाजावरून वाटतं, बरेच असाल."

आणि टाळ्या. लोक उभे राहिले. मास्तरांनी डोळे पुसले. मी तो धागा पकडला: आपण सगळेच असे आहोत, बाजूचं न दिसणारे, धुरातून चालणारे. सतरा मिनिटं बोललो, हातात एकही कागद नव्हता. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली सतरा मिनिटं.

पहिल्या रांगेत एकट्या शिंपीणबाई बसून होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्या मांडीकडे बघत होत्या.

उतरताना मी बायकोला म्हणालो, "जपून, तीन पायऱ्या आहेत."

"पाच आहेत," ती म्हणाली. "चढताना मोजल्या."

एवढं कशाला लिहितो आहे, कळत नाही. सभा उत्तम झाली.

१६ मार्च, रविवार

सकाळी नऊ वाजता शिंपीणबाई वर आल्या. बायको आंघोळीला गेली होती. त्या बसल्या नाहीत.

"दादा, काल सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मी म्हटलं, तुम्ही तरी समजला असाल. आंधळी होतेय ती बाई."

मी म्हणालो, "ते रूपक होतं."

"ते काय असतं मला माहीत नाही. दोन वर्षं झाली, तिच्या सुईत दोरा मी ओवून देते. आधी म्हणायची बोटं थरथरतात. मी डॉक्टरकडे नेते म्हटलं तर म्हणायची, हे येणार आहेत, यांना वाईट वाटेल. सत्तावीस तारखेला मला न सांगता एकटी गेली. बाहेरच्या पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून तुमच्या तोंडून ऐकून पाठ झालेल्या वेळापत्रकावर बसमध्ये मनातल्या मनात मिनिटं मोजत बसली. कितव्या मिनिटाला कुठला थांबा ते तुम्ही लिहून ठेवलंय ना. बस उशिरा धावत होती. भलत्याच थांब्यावर उतरली. विचारत विचारत दवाखान्यात पोचली, तर त्यांनी सोबत कोण म्हणून विचारलं आणि परत पाठवली."

मला गप्प बसवणारा माणूस शेवटचा कधी भेटला, आठवत नाही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," जाता जाता त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलेले आहात, तुम्हाला मी काय सांगू."

मला दुसरं काही येत नाही, म्हणून मला येतं तेच मी केलं. वेळापत्रक आखलं. उभे रकाने पाडले: तारीख, नोंद, कशाने कळलं. डोळा, कान, नाक, हात. बायकोने सांगितलेल्या सगळ्या नोंदी त्यात भरल्या. बसमार्ग कुठे तुटतो ते डेपोत मी असंच शोधत असे. तक्त्यावर नजर टाकली की कळतं.

अकरा फेब्रुवारीनंतर डोळ्याचा रकाना कोरा आहे. एक खूण नाही. खाली सगळं कात्री, किल्ल्या, इस्त्री, कठडा, गरम चहा.

ती केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "अकरा तारखेला काय झालं?"

"कसलं?"

"हिरवी चिंधी. त्यानंतर तू काही पाहिलेलं नाहीस."

ती खुर्चीची पाठ चाचपत बसली. "ती चिंधीसुद्धा जुनीच होती. तुम्ही मागायला लागलात तेव्हा मी साठवलेलं काढून देत होते. अकराला ते संपलं."

"आणि बाक?"

"बाक गेल्या वर्षी काढून नेला की, थांबा सरकवला तेव्हा. तुम्हीच तर वेळापत्रक बदललं होतं, निवृत्त व्हायच्या आधी."

त्या बसचालकाचा पत्ता कुठे मिळेल, ते मास्तरांना विचारायचं आहे.

१८ मार्च, मंगळवार

साडेनऊला दवाखान्यात. थेंब घातले आणि बाहेर बाकावर बसवलं. पाऊण तासाने पुन्हा थेंब. मी घड्याळ घरी ठेवून गेलो होतो. हा त्याग आहे असं वाटून जरा बरं वाटलं, ते वाटलं याची मग लाज वाटली.

तिने डोळे मिटले होते. म्हणाली, "समोर काय आहे ते सांगा की."

"भिंत आहे."

"कसली?"

मी पाहिलं. "पांढरी. म्हणजे वर पांढरी आहे. खाली, बसल्यावर डोकी टेकतात तिथे, ओळीने पिवळट गोल पडलेत. एक गोल बराच खाली आहे. लहान मुलाचा असेल."

"मग?"

"एक म्हातारा आहे. डोळ्याला पट्टी. त्याची मुलगी खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधते आहे. तिच्या डोक्यावर औषधांच्या खिडकीची फळी आलीये. त्याने फळीच्या कडेखाली आपला हात धरलाय. तिला लागू नये म्हणून."

"तिला माहीत आहे?"

"नाही. ती उठली. डोकं त्याच्या हाताला लागलं. तिला वाटलं, त्याने डोक्यावर हात ठेवला. हसली त्याच्याकडे बघून."

मी विचारलं, "हे सुंदर आहे का गं?" मला खरंच खात्री नव्हती.

"तुम्हाला काय वाटलं?"

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी भाषण केलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. "दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते राखायला बघू." मग माझ्याकडे वळल्या. "यांना त्रास होतोय हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी सगळं सांगितलं. तेरा फेब्रुवारी मोजे, एकोणीस फेब्रुवारी जिना आणि कप, चार मार्च टेबल आणि चौकट.

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "एवढ्या तारखा? मग आणलं का नाहीत?"

"तेरा फेब्रुवारीलाच आलो असतो तर?" मी विचारलं.

"पाच आठवड्यांत किती गेलं ते मी मोजून सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "काहीच गेलं नाही असंही सांगणार नाही."

थेंब दोन प्रकारचे. एक सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दुसरा फक्त रात्री झोपताना. मी घरी येऊन तक्ता आखला आणि भिंतीवर लावला. बायको म्हणाली, "मला कुठे वाचता येणार तो?" मी म्हणालो, "तो माझ्यासाठी आहे."

२४ मार्च, सोमवार

एकही थेंब चुकला नाही. सात म्हणजे सात.

मास्तर आले होते. पत्रकं छापून आली आहेत, वर मोठ्या अक्षरांत: "डोळे पळतच आहेत, हळू पळतायत, म्हणून दिसत नाहीत." हजार प्रती. मी म्हणालो, वाटू नका. मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, वाक्य तर अप्रतिम आहे." वाक्य अप्रतिमच आहे. ते रूपक नाही, एवढंच.

त्यांना मी खरं सांगितलं. ऐकून ते उठता उठता म्हणाले, "आमच्या घरीही हल्ली मिठाचा अंदाज चुकतो." चपला न घालताच निघाले होते, जिन्यातून परत आले.

२९ मार्च, शनिवार

उद्या गिरणीच्या उपाहारगृहात भाषण आहे. रद्द करणार होतो. बायको म्हणाली, "जा की. बोलल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही. पण मला वाचून दाखवा आधी."

चाळीस मिनिटांचं भाषण वाचलं. त्यात माझा पश्चात्ताप होता, तीन ठिकाणी वरच्या पट्टीत.

"लांबलंय," ती म्हणाली. "आणि त्यात तुम्हीच फार आहात. लोकांनी घरी जाऊन करायचं काय, तेवढं सांगा."

मी विचार केला. मग उठून दिव्याखाली उभा राहिलो आणि तिला विचारलं, "माझ्या शर्टाचा रंग कोणता आहे?"

तिने डोळे बारीक केले. मान थोडी वळवली, मग दुसऱ्या बाजूला. बराच वेळ गेला. मी मोजला नाही. शेवटी म्हणाली, "मला नाही सांगता येत. तुम्ही सांगा. खाली न बघता."

मी तोंड उघडलं आणि उभाच राहिलो. मलाही सांगता येईना.

ती हसायला लागली. खूप दिवसांनी हसली. तिच्या पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला आहे. कधी उडाला, मला माहीत नाही.

उद्याचं भाषण, पूर्ण:

"बंधूंनो आणि भगिनींनो, आज मी तुम्हाला थांबा आणि पाहा म्हणणार नाही. ते मी फार वेळा म्हणालो, आणि माझ्या घरात एक माणूस दिसेनासा होत होता. आता टाळ्या वाजवू नका. घरी जा. दिव्याखाली उभे राहा, आणि ज्या माणसाबरोबर तुम्ही राहता त्याला एवढंच विचारा: माझ्या शर्टाचा रंग कोणता? आणि उत्तर येईपर्यंत एक शब्द बोलू नका."